आक्काचे सात डबे

जुनं गाव, ता. पैठण
दि. ११ जून १९७४

चि. बन्सीधर यास द्वारकाआक्काचे लई लई आशीर्वाद. वि. वि.

पत्र रामकिसन गुरुजी लिहितात. मी बोलते तसंच लिहा म्हणून त्यांना बजावलंय, तव्हा ह्यातल्या चुका काढत बसू नको. तू शहरात सायन्सचा मास्तर हायेस हे इथं समद्यांना ठावं हाय, सांगून सांगून मीच त्यांचे कान किटवलेत.

यंदा धरणाचं पाणी येणार ते येणारच, असं साहेब लोक सांगून गेले. आम्हाला पाचोडच्या अलीकडं माळावर जागा दिलीय. कडूबा जाऊन पाहून आला. निसता पांढरा मुरूम, आन् हिरीचं काम अजून व्हायचंय. माणसं टँकरचं पाणी पितील, पण माझ्या परड्यातल्या झाडांनी काय प्यावं? सात झाडं मुळासकट उकरून, वरून छाटून तेलाच्या डब्यांत लावलीत. बाकीची इथंच राहू दे. नदीच्या गाळावर वाढली होती, नदीला जातील.

शुक्रवारच्या यष्टीनं कडूबा डबे घेऊन येईल. आता त्यांना पान नाय का फूल नाय, निसती खुंटं दिसतील. आशाला म्हणावं, वाळली समजून चुलीत घालू नको. दर डब्याला एक चिंधी बांधलीय. लाल, पिवळी, हिरवी, निळी, पांढरी, जांभळी आन् एक काळी. चिंधी हेच त्याचं नाव समज. खरं नाव मी सांगणार नाय आन् तूही इचारू नको. सासरी आल्यावर आत्याबाईनं मला हे हाती दिलं तव्हा तिनंही असंच दिलं. औषधाचं नाव चारचौघांत बोललं की त्याचा गुण जातो. तुझी पत्रं तर गुरुजी वट्यावर बसून मोठ्यानं वाचतात आन् निम्मं गाव ऐकतं. लागंल तव्हा मी रंग कळवीन, तू त्या रंगाचं तोडून धाडायचं.

काळ्या चिंधीच्या डब्याला पाणी घाल, पण त्याचं पान नाय का मूळ नाय, कुणालाच काय देऊ नको. ते माझ्याच हातानं द्यायचं औषध हाय. भलत्या जागी लागलं तर कातडं जाळतंय.

श्रावणात पिवळ्या वेलाच्या इतभर कांड्या कर. खालून तिरपा काप घे, डोळे वर राहतील असं लाव, उलटं लावलं तर सडतंय. मुळं धरली की तुमच्या अंगणातल्या लिंबावर चढव. एकाची चार झाली पाहिजेत, एका डब्याच्या भरवशावर राहू नये. पाणी सकाळी घाल, अन् डब्याच्या बुडाला भोकं पाडलीत ती बुजू देऊ नको.

लहान भावाला काम सांगायला लाजायचं कशाला? तू जीव लावून बघशील. आशाला आन् लेकरांना आशीर्वाद. आहे तशी माया राहू दे.

तुझी आक्का

---

खडकेश्वर, औरंगाबाद
दि. ८ जुलै १९७४

ती. गं. भा. आक्कास, बन्सीधरचे शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

कडूबा सातही डबे सुखरूप घेऊन आला. एसटीत एका पाहुण्याच्या मांडीवर डबा ठेवून तो खुशाल झोपला होता म्हणे, आणि पैठणपासून इथपर्यंत त्या पाहुण्याने तक्रार केली नाही. तुझ्या मुलाचे नशीब थोर आहे.

सातही खुंट फुटले. आशा सकाळी पाणी घालते आणि मी संध्याकाळी शाळेतून आलो की एक फेरी मारतो. डबे गंजू नयेत म्हणून हिरवा रंग दिला आहे. भिंतीकडेला रांगेत ठेवल्यावर अंगण इतके नीटनेटके दिसते की परवा आमचे मुख्याध्यापक चहाला आले तेव्हा पाच मिनिटे तिथेच उभे राहिले. माझा छंद म्हणून त्यांनी कौतुक केले. छंद माझा नाही, बहिणीचा आहे, हे सांगायचे राहून गेले.

नाव बोलल्याने औषधाचा गुण जातो हे काही मला पटत नाही. पण तुझ्याशी वाद घालून मी आजवर कधी जिंकलो, की आता जिंकेन? वेलाच्या कांड्या श्रावणात लावीनच.

घर मोडताना फार उचलउचल करू नकोस. नव्या जागी पोचल्याची खुशाली गुरुजींकडून कळव. आम्ही तुझ्या मायेवरच वाढलो आहोत, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
बन्सी

---

नवी वसाहत, पाचोडजवळ
दि. १७ नोव्हेंबर १९७४

चि. बन्सीस आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

आम्ही इथं आलो त्याला आता तीन महिने झाले. पाच गावची माणसं एका माळावर आणून ठेवलीत. घरं रांगेनं हायेत, पण शेजार नाय. हिरीवर बाया आपापल्या गावच्या घोळक्यानं उभ्या राहतात. नशिबानं गुरुजी आमच्याच रांगेत आले, नायतर पत्र कुणाकडून लिहून घेतलं असतं?

जुन्या गावात माझ्या दारात रोज कुणी ना कुणी खोकला घेऊन, पोट धरून, लेकराचा ताप घेऊन यायचं. इथं मी कडूबाची आई, बस. दारात कुत्रंबी येत नाय. परवा हिरीवर आवडाबाई म्हणून एक भेटली, ती वरच्या अंगाच्या गावची. गुडघ्यानं बेजार, घागर उचलताना डोळ्यांत पाणी येतं. दवाखान्याच्या गोळ्या खाऊन थकली. मी म्हणलं, माझ्याकडं हाय त्याचं औषध, पण सध्या भावाच्या घरी हाय.

ती लेकीच्या बाळंतपणाला औरंगाबादला येतेय. तुझ्या घरी येईल. निळ्या डब्यातलं बोटभर मूळ तिला दे. सहाणेवर पाण्यात उगाळून गुडघ्याला लेप द्यायचा, वाळला की धुऊन टाकायचा, असं आठ दिवस. तिला बसायला दे, चहा दे. ती माझ्या शब्दावर येतेय.

आवडाबाईला गुण आला तर तिच्या गावच्या बाया माझ्या दारात येतील. मला इथं पुन्हा कुणीतरी व्हायचंय, बन्सी. हे गुरुजींकडून लिहून घेताना तोंड लपवावंसं वाटतंय, पण तुला नाय सांगायचं तर कुणाला?

वेल लिंबावर चढला का ते कळव. लेकरांना पापा. आक्काची आठवण ठेव.

तुझी आक्का

---

नवी वसाहत
दि. ५ जानेवारी १९७५

चि. बन्सीस आशीर्वाद. वि. वि.

आवडाबाईला मूळ दिलं म्हणून तुझं कार्ड आलं होतं. ती परवा परत आली. गुडघ्यावर तळहाताएवढे फोड आले, कातडं सोललं. लेकीच्या दवाखान्यातच हिला पट्टी बांधावी लागली. नवा नातू मांडीवर घ्यायला गेली होती, त्याला महिनाभर लांबून बघून आली.

तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं निसतं हिरीवर लुगडं वर करून गुडघा दाखवला. आता मी घागर घेऊन गेले की बाया आपापली भांडी बाजूला सरकवतात. माझ्या वासाची एवढी भीती.

मी तिच्या घरी जाऊन पाया पडले. तिनं पाय मागं घेतले.

तू सांगितलं तेच दिलंस, त्यात तुझा काय दोष? चिंध्या बांधताना मीच चुकले. निळीच्या जागी काळी बांधली, काळीच्या जागी निळी. दुसरं काय व्हईल? चाळीस वरसं ह्या हातानं औषध दिलं, एकाला कधी वाईट झालं नाय. डोळ्यांवर पडदा येतोय तो जाणवतोय, पण हातबी गेला हे कळलं नाय. आत्याबाई असती तर तिनं मला परड्यात पाऊल ठेवू दिलं नसतं.

तू शिकलेला हायेस, तुझं पाठ असतं समदं. खरं सांग, डबे आले तव्हा तुला काय वेगळं दिसलं का? कुठल्या झाडाला कुठली चिंधी होती ते तुला आठवत असंल. मी चुकले का नाय ते तूच सांगू शकतोस.

आता ते डबे फेकून दे. इथं कुणाला नको हायेत आन् मला त्यांना हात लावायचा धीर नाय. आशाला आशीर्वाद. भोळ्या बहिणीवर राग धरू नको.

तुझी आक्का

(हे पत्र लिहिताना बाई मधेच दोनदा उठून गेल्या. उत्तर लवकर धाडावे. – रामकिसन)

---

औरंगाबाद
दि. १४ जानेवारी १९७५

ती. आक्कास बन्सीचे नमस्कार. तिळगूळ सोबत ठेवला आहे, तो घे आणि गोड बोल.

तुझे पत्र वाचून फार वाईट वाटले. आवडाबाईंना लावायला मलम कडूबाच्या हाती पाठवीत आहे. डॉक्टरांना विचारूनच घेतले आहे, कातडी लवकर भरून येईल.

तू विचारलेस ते मला नीटसे आठवत नाही. चिंध्या उन्हापावसाने विटून गेल्या होत्या, निळी कोणती आणि काळी कोणती हे कळणे अवघडच होते. शिवाय अंगण झाडताना आशाने डबे इकडचे तिकडे केले असतील. तू एवढे मनाला लावून घेऊ नकोस. वयोमानाने असे होतेच, आक्का. आमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांनाही हल्ली मुलांची नावे आठवत नाहीत. पुढच्या महिन्यात इकडे ये, तुझे डोळे चांगल्या डॉक्टरांना दाखवू.

डबे मात्र फेकवत नाहीत, राहू देत. सगळे ठीक होईल. आम्हा सर्वांवर तुझा हात असू दे.

तुझा
बन्सी

---

औरंगाबाद
दि. २ फेब्रुवारी १९७५

प्रिय कमरोद्दीन साहेब यांस, बन्सीधरचा नमस्कार.

आपण शाळेतून निवृत्त होऊन दौलताबादला सीताफळाच्या बागेत रमलात, तेव्हापासून स्टाफरूममधली आपली खुर्ची रिकामीच आहे. तिथे बसून मी बऱ्याच गोष्टी आपल्याला सांगत असे. आज एक गोष्ट कागदावरच सांगतो, कारण समोर बसून सांगायला तोंड नाही.

सोबत एक वाळवलेली डहाळी ठेवली आहे. पांढरी फुले आहेत. हिचे नाव काय? आपले वडील हकीम होते, आपल्याला कळेल म्हणून विचारतो.

माझ्या बहिणीने मला सात झाडे सांभाळायला दिली होती. नाव सांगायचे नाही असा तिचा नेम, म्हणून प्रत्येक डब्याला तिने रंगीत चिंधी बांधून दिली होती. जुन्या लुगड्याच्या मळक्या चिंध्या होत्या त्या. मुख्याध्यापक चहाला यायचे होते. नव्या शेजारात, नव्या भिंतीला लागून तेलाचे डबे आणि त्यांवर चिंध्या, हे मला कसेसेच वाटले. कात्रीने सातही चिंध्या कापल्या आणि बंबात घातल्या. आशा नको म्हणत होती. मी म्हणालो, मी सायन्सचा शिक्षक आहे, पाने आली की झाड ओळखणे हे माझे कामच आहे.

पाने आली. मी पुस्तक उघडून बसलो आणि सातही डब्यांवर पांढऱ्या रंगाने नावे घातली. तीन बरोबर असावीत. बाकीची चार मी ठरवली. कोणी विचारले तर धडाधड सांगत असे, त्यामुळे ती खरी आहेत असे मलाच वाटू लागले.

मग आवडाबाई आल्या. आक्काने निळ्या डब्यातले मूळ द्यायला सांगितले होते. निळा डबा कोणता, हे मला माहीत नव्हते. सांधे दुखतात म्हणजे रास्ना, असा विचार करून मी रास्ना लिहिलेल्या डब्यातले मूळ काढले. काळ्या चिंधीचे कुणाला देऊ नकोस, ते कातडे जाळते, ही आक्काची ताकीद काढताना मला आठवली, साहेब. आठवलीच नाही असे म्हणता आले असते तर फार बरे झाले असते. पण बाई दारात उभ्या होत्या, आक्काने माझ्याबद्दल त्यांना काय काय सांगितलेले, आणि मला माहीत नाही एवढे तीन शब्द म्हणायला जीभ उचलेना. मूळ वर्तमानपत्रात बांधून दिले, वर चहा पाजला. सोबतची डहाळी त्याच डब्यातली आहे.

त्या बाईचा गुडघा सोलून निघाला. आक्काला वाटते की चिंध्या तिनेच चुकीच्या बांधल्या. तिने मला सरळ विचारले, मी चुकले का ते तूच सांग. आणि मी तिला लिहिले की वयोमानाने असे होते. आशाचेही नाव मधे घातले. आशाने ते पत्र पोस्टात टाकण्यापूर्वी वाचले. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतेच बोलते.

खरे लिहावे तर तिकडे पत्र वट्यावर मोठ्याने वाचतात. जिने आयुष्यभर माझे कौतुक सांगितले, तिच्यासमोर आणि साऱ्या वसाहतीसमोर ते वाचले जाईल. दोनदा लिहायला बसलो आणि फाडले. मी काय करू?

आपला
बन्सीधर

---

दौलताबाद
दि. ९ फेब्रुवारी १९७५

अजीज बन्सीधरभाऊ, सलाम.

तुमची डहाळी मिळाली. फुलाच्या खालच्या हिरव्या नळीला बोट लावून पाहिले, वाळली तरी चिकटते. हा चित्रक. अब्बा ह्याला शीतरज म्हणत. ह्याचे मूळ कातडीवर ठेवले तर फोड येणारच. तुमच्या आक्कांनी काळी चिंधी बरोबर झाडाला बांधली होती, ह्यात मला शक नाही. चूक त्यांची नव्हती, हे आता तुम्हाला आणि मला दोघांनाही पक्के माहीत आहे. त्यांना एकट्यांनाच माहीत नाही.

अब्बांच्या दवाखान्यात दोनशे बाटल्या होत्या आणि सगळ्यांवर अरबी अक्षरात चिठ्ठ्या होत्या. तरी देण्याआधी ते प्रत्येक वेळी बाटली उघडून वास घेत. एकदा मी हसलो तर म्हणाले, चिठ्ठी लिहिणाऱ्याचा मूड कसा होता ते मला काय ठाऊक. चिठ्ठी लिहिणारे तेच होते.

आता जरा कडू लिहितो. तुम्हाला शरम वाटते हे खरे, पण ती वट्यावरच्या लोकांची वाटते. आक्कांची वाटली असती तर तुम्ही पहिल्याच दिवशी बस पकडली असती. लोक दोन दिवस बोलतील आणि तिसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरवरून भांडतील. पण तो वयोमानाचा शब्द तुम्ही एका शहाण्या बाईच्या डोक्यात टाकलात, तो तिथे मुळे धरील. तो आधी उपटा. जितका उशीर कराल तितका तो खोल जाईल.

माझे बोलणे लागले असेल तर माफ करा आणि तरी ऐका. मुनिरा तुमच्यासाठी लोणचे पाठवते आहे, ते आशाभाभींच्या हाती द्या, तुमच्या नको.

तुमचा खैरख्वाह
कमरोद्दीन

---

औरंगाबाद
दि. १२ फेब्रुवारी १९७५

रामकिसन गुरुजींस विनंती: हे पत्र आवडाबाईंना बोलावून, नेहमीप्रमाणे वट्यावर, सर्वांना ऐकू जाईल असे वाचावे.

ती. आक्कास, बन्सीधरचे साष्टांग नमस्कार.

आक्का, चूक माझी आहे. तू चिंध्या बरोबर बांधल्या होत्यास. त्या मी कापून जाळल्या, कारण पाहुण्यांसमोर मला त्यांची लाज वाटली. मग झाडे न ओळखता मी त्यांना माझ्या मनाने नावे दिली. आवडाबाई आल्या तेव्हा निळा डबा कोणता हे मला माहीत नव्हते, आणि माहीत नाही असे म्हणायचा मला कमीपणा वाटला. मी त्यांना काळ्या डब्यातले मूळ दिले. तू देऊ नकोस म्हणून सांगितलेले तेच.

आशाने डबे हलवले नव्हते. चिंध्या विटल्या नव्हत्या, विटायला त्या महिनाभरही राहिल्या नाहीत. वयोमानाने असे होते हे जे मी लिहिले ते सगळ्यांत खोटे. तुझ्या वयाला, तुझ्या डोळ्यांना, तुझ्या हाताला काही झालेले नाही. जे झाले ते माझ्या गर्वाने.

आवडाबाई, तुम्ही माझ्या बहिणीच्या शब्दावर माझ्या दारात आलात आणि मी तुम्हाला भाजून पाठवले. नातवाला मांडीवर घ्यायचे तुमचे दिवस मी घालवले. माझ्या बहिणीने तुमचे पाय धरले, ते मी धरायला हवे होते.

यापुढे तू मला भाऊ म्हणावेस की नाही ते तू ठरव. मला बोलायला तोंड नाही.

बन्सी

---

नवी वसाहत
दि. २१ फेब्रुवारी १९७५

चि. बन्सीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तव्हा वट्यावर धा-बारा बाया होत्या, आवडाबाईलाबी गुरुजींनी बोलावून आणलं होतं. चूक माझी आहे, इथवर त्यांनी वाचलं आन् मी कागद ओढून घेतला. समद्यांना सांगितलं, भावानं खुशाली लिहिलीय, पुढचं घरातलं हाय. मग घरात नेऊन, दार लावून गुरुजींकडून समदं ऐकलं. गुरुजींना शपथ घातलीय.

तुझ्यावर माया हाय म्हणून थांबवलं असं समजू नको. परक्यांसमोर तुझी मान खाली गेलेली मला बघवंना, हा माझाच तोरा. जुन्या गावात तुझ्या नावानं मी बरीच मिरवले.

चिंध्या कापल्यास ते मी सोडलं. तू लहानपणापासून तसाच हायेस, सणाला नवं धोतर नसलं की घरात लपून बसायचास. भलतं मूळ दिलंस, त्याचंबी एक येळ चालंल, माणूस चुकतं. पण बन्सी, मी तुला इचारलं होतं. आपल्या माणसाला इचारतात तसं इचारलं होतं. आन् तू माझ्या हातावर ढकललंस.

तुझं ते संक्रांतीचं पत्र आल्यापासून मी भाजीत मीठ टाकलं का नाय ते दोन-दोनदा चाखून बघते. कडूबाच्या बायकोला इचारते, आज वार कोणता. दार लावलं तरी परत जाऊन बघते. नातीला ताप आला तव्हा माझ्या डोक्यात औषध होतं, मला पक्कं ठावं होतं, आन् मी गप बसून राहिले. तिला सरकारी दवाखान्यात नेली, बरी झाली, ते सोड. पण मी गप बसले. आता तू लिहितोस तुझा हात शाबूत हाय. तुझ्या एका कागदानं गेलेला हात तुझ्याच दुसऱ्या कागदानं येत नसतो रे.

आवडाबाईला मात्र सांगावं लागंल, ते कागदानं भागायचं नाय. तू स्वतः ये, तिच्या दारात जा आन् तुझ्या तोंडानं सांग. डबे घेऊन ये. भाऊ म्हणावं का नाय असं इचारलंस, ते काय आपल्या हातात असतंय का? पुन्हा असलं लिहू नको.

आशाला म्हणावं, तिचं नाव मी एक घडीबी खरं मानलं नव्हतं.

तुझी आक्का

---

औरंगाबाद
दि. १० मार्च १९७५

प्रिय कमरोद्दीन साहेबांस नमस्कार.

काल रविवारी जाऊन आलो. आशाही आली. सात डबे, आणि लिंबावरच्या वेलाच्या मुळे धरलेल्या चार कांड्या एका टोपलीत, एवढे सामान होते. डब्यांवरची नावे आदल्या दिवशी खरवडून काढली होती.

आक्काने घरात पाणीसुद्धा विचारले नाही, आधी आवडाबाईंकडे जाऊन या म्हणाली. ती सोबत आली पण दाराबाहेरच थांबली. मी पाठ करून गेलो होतो ते सगळे विसरलो. चार वाक्यांत सांगून टाकले. आवडाबाईंनी ऐकून घेतले आणि मी किती वर्षे शिकवतो ते विचारले. एकोणीस म्हणालो. त्या म्हणाल्या की त्यांच्या लेकीलाही मास्तर व्हायचे होते, राहून गेले. मी पायांकडे वाकलो तर त्यांनी मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही. गुडघ्यावरचे नवे कातडे तुळतुळीत, गुलाबी आहे.

मग त्या बाहेर आल्या, आक्कासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चला, तुमची झाडं तरी बघू. जाता जाता दोन घरांत हाका मारून आणखी दोघी बायांना सोबत घेतले.

आक्काच्या दारात डबे मांडले, गुरुजीही येऊन उभे राहिले. आवडाबाईंनी तिला पाठ फिरवून बसवले. त्या एकेका डब्यातले पान खुडून मागून तिच्या हातात देत आणि आक्का ते चुरगाळून, वास घेऊन, नाव न घेता फक्त कशावरचे ते सांगे. खोकल्याचे, तापाचे, बाळंतिणीच्या दुधाचे. गुडघ्याचे आले तेव्हा आवडाबाई खाली वाकून ते झाड नीट पाहून गेल्या. काळ्याचे पान हाती लागताच आक्काने ते खाली टाकले आणि सगळ्यांना हात धुवायला लावले. एकदाही अडली नाही. साहेब, त्या माळावर तिला तपासू शकेल असे तिच्याशिवाय दुसरे कोणीच नव्हते. बाया नुसत्या बघत होत्या आणि मी, एकोणीस वर्षांचा मास्तर, त्यांच्याहून जास्त काही जाणत नव्हतो.

सातही पाने झाली. आक्का वळली. आवडाबाई समोर होत्या, गुरुजी होते, पण ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहून तिने हळूच विचारले, समदी बरोबर आली ना रे. चाळीस वर्षांत तिने हे कोणालाही विचारले नव्हते. मी मान हलवली.

लोभ ठेवावा असे म्हणायचा हक्क राहिला असेल तर ठेवावा.

आपला
बन्सीधर